जास्तीची बारा मिनिटं

भूल देणाऱ्या डॉक्टरचा चेहरा पेशंटच्या लक्षात राहत नाही, आणि मला त्याचं कधी फारसं वाईट वाटलं नाही. आम्ही झोपवतो, ते झोपतात, जागे झाल्यावर सर्जनला हात जोडतात आणि पेढ्यांचा पुडा त्यांच्या टेबलावर जातो. बेंगळुरूच्या एकाच हॉस्पिटलात, एकाच सर्जनच्या ऑपरेशन टेबलाशी, पेशंटच्या डोक्याच्या बाजूला फिरत्या स्टुलावर बसून मी बावीस वर्षं हे बघत आले. त्यात तीन स्टुलं मोडली. गुडघे मात्र तेच आहेत आणि उठता-बसता मला त्याची आठवण करून देतात. लग्न होऊन मिरजेहून इथे आले तेव्हा चार-पाच वर्षांत परत जाऊ असं आम्ही दोघं बोलायचो. आता व्हाइटफील्डच्या फ्लॅटमध्ये मी एकटी आहे आणि परत जायचं म्हटलं तरी नेमकं कुठे, ते मला सांगता येणार नाही.

आमचे सर लिव्हरचे. यकृत हा शब्द मी शाळेत शिकले आणि शाळेतच ठेवून आले. सर कन्नड, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर म्हणते आणि बावीस वर्षांत आम्ही एकमेकांच्या घरी तीनदा गेलो असू. पण त्यांच्या खांद्यावरून मला कळतं की आत रक्त सुटलंय. काम करताना ते गुणगुणतात, आणि थांबले की मी रक्ताच्या पिशव्या मोजते.

लिव्हर बाहेरून एकसंध दिसतं. तपकिरी, गुळगुळीत, उजव्या बरगड्यांखाली निवांत पडलेलं. पण आत त्याचे आठ भाग असतात आणि प्रत्येक भागाला रक्ताची स्वतःची फांदी येते. हे भाग वरून कुणाला दिसत नाहीत. गाठ एका भागात असली तर पुष्कळदा अर्धं लिव्हरच काढून टाकतात, कारण ते सोपं असतं. सर तसं करत नाहीत. ते त्या एका भागाची फांदी शोधतात आणि ती दाबतात. दोन-तीन मिनिटांत तेवढाच भाग काळपट पडतो आणि इतका वेळ कुणाला न दिसलेली हद्द समोर उमटते. त्या हद्दीवरून ते विजेच्या डागणीच्या टोकाने रेष ओढतात आणि मग रेषेरेषेने कापत आत जातात. तेवढाच भाग बाहेर येतो, शेजारच्याला धक्का लागत नाही. ज्यांचं लिव्हर आधीच खराब झालंय त्यांच्यासाठी यात सगळा जीव असतो, कारण अर्धं काढलं तर उरलेल्या अर्ध्यावर ते जगू शकत नाहीत.

ही रेष म्हणजे सरांचं सगळं आयुष्य. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते पेन्सिलने कागदावर लिव्हर काढतात, आठ भाग, आकडे, फांद्या. हाताखालचे तरुण डॉक्टर कॉम्प्युटरवर रंगीत, गरागरा फिरणारी चित्रं आणतात. सर ती नीट बघतात, छान म्हणतात आणि पेन्सिलला टोक काढायला घेतात.

यात माझं काम झोपवण्याचं, रक्तदाब सांभाळण्याचं आणि घड्याळाचं. कापताना रक्त कमी जावं म्हणून लिव्हरला येणारा सगळा रक्तपुरवठा मुळाशीच चिमट्याने बंद करतात. पंधरा मिनिटं बंद, पाच मिनिटं चालू, पुन्हा पंधरा बंद. बंद असताना लिव्हर उपाशी असतं. धडधाकट लिव्हर थोडं जास्त सोसतं, खराब झालेलं सोसेलच याची खात्री कुणी देत नाही. चिमटा लागला की सर 'ऑन' म्हणतात, मी 'ऑन' म्हणते आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर वेळ लिहिते. दहा झाली की 'हत्तु', पंधरा झाली की 'हदिनैदु'. आकडे कन्नडमध्ये, कारण सरांचा कान तिकडे. ते स्वतः घड्याळाकडे बघत नाहीत, नजर हलवली तर रेष हलते म्हणतात. आणि आमच्या थिएटरचा एक कडक नियम: वेळ एकाच तोंडातून. फार पूर्वी एकदा दोघींनी दोन वेगवेगळ्या वेळा सांगितल्या आणि गोंधळ झाला, तेव्हापासून सिस्टरने बोलायचं नाही, ज्युनियरने बोलायचं नाही. वेळ फक्त मॅडम सांगणार. मला या नियमाचा अभिमान होता. उगाच कशाला खोटं बोलू, चांगलाच होता.

ती बाई मला पहिल्यांदा भेटली ती ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीला. अठ्ठेचाळीस वर्षांची, निपाणीकडची, आणि कोरमंगलात नवऱ्यासोबत खानावळ चालवणारी. पुण्या-नागपूरहून नोकरीला आलेली, पीजीत राहणारी पोरं तिच्याकडे जेवायची. कावीळ कधी झाली होती हे तिला आठवत नव्हतं, पण ती आत मुरली होती आणि तिने लिव्हर खरबरीत करून ठेवलं होतं. त्यात गाठ. आठव्या भागात, वर आणि खोल. सरांनी तिला कन्नडमध्ये सगळं समजावलं होतं आणि तिने मान डोलावली होती. माझा मराठी उच्चार कानावर पडला आणि तिचा चेहराच बदलला.

"अक्का, तुम्ही आमच्यातल्या?" ती म्हणाली. "मग तुम्हीच सांगा की. डॉक्टर म्हनले आठ भाग. मी कलेजी लई कापलीया, मला त्यात एक बी भाग कधी गावला न्हाई."

मी तिला आमच्या सोसायटीचं उदाहरण दिलं. टँकर उशिरा आला की आमचा प्लंबर गच्चीवर जाऊन एकेका लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करतो. बाहेरून बिल्डिंग बघितली तर कुठली घरं कुठल्या लाइनीवर आहेत हे कुणाला कळत नाही. पण व्हॉल्व्ह बंद केला की कुठल्या घरांतून बादल्या घेऊन बायका बाहेर येतात ते दिसतं. तसंच हे. तिला हे लगेच पटलं. नवरा मागे उभा होता, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"म्हंजे वाईट तेवढंच काढनार. बाकीचं माझं मला."

"बाकीचं तुमचं तुम्हाला."

मग मी घड्याळाचंही सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. एरवी मी पेशंटशी मोजकंच बोलते. दम लागतो का, दात हलतात का, कशाची ॲलर्जी. पण दिवसभरात कुणीतरी आपल्या भाषेत ऐकणारं मिळालं की जीभ सैल सुटते. पंधरा मिनिटं बंद, पाच मिनिटं चालू, आणि ते घड्याळ माझ्या हातात.

"पंधरा मिन्टं म्हंजे तीस चपात्या," ती म्हणाली. तिचे दोन तवे, मिनिटाला दोन चपात्या, सगळी वेळ ती त्यातच मोजायची. "तुम्ही उशाशी असनार न्हवं?"

"मी उशाशीच असते. पूर्ण वेळ."

"मग झालं. मला भ्या वाटालं हुतं. आता न्हाई."

ऑपरेशनच्या दिवशी मी थकलेली होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. थकलेली मी गेली सहा-सात वर्षं आहेच. आमच्यातली एक डॉक्टर रजेवर, त्यामुळे आठवड्यातली ही माझी चौथी मोठी केस. सकाळी नळाला पाणी नव्हतं, दोन तांब्यांत अंघोळ, मग कॅबमध्ये पाऊण तास एकाच सिग्नलला. आताशा मला असं व्हायला लागलं होतं की काम बिनचूक व्हायचं, पण ते मी केलं असं वाटायचं नाही. हात करायचे. मी कुठेतरी मागे बसलेली असायचे आणि घरी कधी जायचं याचा विचार करत असायचे.

सुरुवात सुरेख झाली. सरांनी फांदी शोधली, दाबली, आणि त्या खरबरीत लिव्हरवरसुद्धा आठवा भाग काळपट होऊन स्पष्ट दिसला. सर मास्कच्या आत हसले असावेत, कारण गुणगुणायला लागले. रेष ओढली. पहिली तीन बंद-चालूची आवर्तनं घड्याळाबरहुकूम झाली. 'हत्तु', 'हदिनैदु', पट्टीवर वेळा एकाखाली एक.

चौथ्यांदा चिमटा लावण्याआधी, रक्त चालू असताना, कापलेल्या कडेवरची एक शीर सुटली. सर गुणगुणायचे थांबले. रक्तदाब घसरला. मी सिरिंज हातात घेतली, औषध देत होते, रक्ताची पिशवी दाबत होते, ज्युनियरला दुसरी आणायला सांगत होते. सर टाके घालत होते. त्या गडबडीत केव्हातरी ते 'ऑन' म्हणाले. मीही 'ऑन' म्हणाले असणार, कारण बावीस वर्षं म्हणतेय. पण दोन्ही हात गुंतलेले होते आणि पट्टीवर मी लिहिलं नाही.

रक्तदाब जागेवर आला. मी स्टुलावर बसले आणि मला इतकं बरं वाटलं की मी काही क्षण फक्त श्वास घेतला. मग सरांनी विचारलं,

"एष्टायतु, मॅडम?"

किती झाली. मी पट्टीकडे बघितलं. शेवटची नोंद मागचा चिमटा काढल्याची. त्यानंतर नुसती पांढरी पट्टी. समोर सामान आणून देणारी फिरती सिस्टर उभी होती, ती घड्याळाकडे बघत होती आणि मग माझ्याकडे. मास्कच्या वर तिचे डोळे मोठे झालेले मला दिसले, पण मला वाटलं, रक्त बघून घाबरलीये. ती बोलली नाही. तिला बोलायची परवानगीच नव्हती.

मला वेळ माहीत नव्हती. एवढंच म्हणायचं होतं. कन्नडमध्ये तर एकच शब्द लागतो, 'गोत्तिल्ल'. ठाऊक नाही. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला मी तो दिवसातून दहादा म्हणते.

"एळु," मी म्हणाले. सात.

आकडा कुठून आला ते मला आजही सांगता येणार नाही. टाके बराच वेळ चालले आणि चिमटा त्यानंतर लागला असेल, त्या हिशेबाने सात बरोबर वाटले. आणि माझा आवाज नेहमीसारखाच ठाम होता. सरांनी मान हलवली आणि ते पुन्हा रेषेवर गेले. आठ मिनिटांनी मी 'हदिनैदु' म्हणाले. चिमटा निघाला. अजून एक आवर्तन झालं आणि आठवा भाग गाठीसकट, कडा धरून, पूर्णच्या पूर्ण बाहेर आला. उरलेलं लिव्हर मात्र मला जरा फिकट दिसलं. मी ते बोलले नाही.

दुपारी केसपेपर पूर्ण करायला बसले. औषधाच्या पंपाच्या मेमरीत प्रत्येक डोसाची वेळ आपोआप नोंदली जाते. मॉनिटरमध्ये श्वासाचा आलेख असतो, त्यात चिमटा लागला की एक लहानशी पायरी खाली उतरते. सवयीच्या डोळ्याला ती दिसते. मी ती पायरी शोधली आणि घड्याळाशी ताडून बघितली. मग पुन्हा ताडून बघितली. सरांनी विचारलं तेव्हा सात नाही, एकोणीस मिनिटं झाली होती. चौथा चिमटा सत्तावीस मिनिटं होता.

केसपेपरवर त्यासाठी एक रकाना आहे. मी तिथे लिहिलं, पंधरा. अक्षरसुद्धा चांगलं आलं.

दुसऱ्या दिवशी ती बोलत होती. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले. चौथ्या दिवशी पोटात पाणी भरायला लागलं आणि ती झोपाळू झाली, हाक मारली की डोळे उघडायची आणि मिटायची. खराब लिव्हरवर ऑपरेशन झालं की असं काही जणांचं होतं, सगळं बिनचूक करूनही होतं. हे मी स्वतःला दिवसातून कितीदा सांगत होते ते विचारू नका. खोटं नव्हतं, पण त्याचा उपयोग होत नव्हता. आयसीयूच्या बाहेर तिचा नवरा बाकावर बसलेला असायचा. खानावळ बंद ठेवली होती त्याने. मला बघून उभा राहायचा आणि म्हणायचा, "अक्का, तुम्ही हुता उशाशी, म्हणून मला काळजी न्हाई." मी "सरी, सरी", बरं बरं, म्हणून पुढे निघायचे. मी मराठी असून त्याला कन्नडमध्ये उत्तर द्यायचे, हे त्याच्या लक्षात आलं असेल का कोण जाणे.

पाचव्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पेन्सिलीची चित्रं पसरलेली, शेजारी ऑपरेशनचे फोटो. ते बराच वेळ झोपलेले नसावेत. चष्मा कपाळावर होता आणि ते चष्मा शोधत होते.

"माझी रेष चुकली, मॅडम," ते म्हणाले. "इथे बघा. पाचव्या भागाची फांदी इथून वर येत असणार. मी ती कापली. म्हणून पाचवा भागही गेला असणार. तिला परवडेल त्याहून मी जास्त घेतलं."

मी फोटो बघितले. रेष जिथे हवी तिथेच होती. पाचवा भाग जागच्या जागी, तपकिरी.

"सर, रेष बरोबर आहे."

"मग हे का होतंय?" त्यांनी चित्र माझ्याकडे सरकवलं. पुसून पुसून कागद झिजला होता. "आता थांबावं असं वाटतंय. आधीच खराब असलेल्या लिव्हरमध्ये मी पुन्हा हात घालणार नाही. असे पेशंट दुसरीकडे पाठवू. पोरं काढतात ती रंगीत चित्रंच बरी. माझा हात गेला."

दर महिन्याला अशा लिव्हरचे तीन-चार पेशंट त्यांच्याकडे येतात, कारण बाकीच्यांनी अर्धं काढावं लागेल म्हणून नाही म्हटलेलं असतं. हा माणूस आपली रेष सोडायला निघाला होता, आणि रेषेचा काही दोष नव्हता. मला त्यांचा राग आला. खरंच आला. मी एवढ्या शिताफीने गप्प बसले होते आणि हे स्वतःला दोष देऊन मला बोलायला लावत होते.

"चौथा चिमटा सत्तावीस मिनिटं होता," मी म्हणाले.

मी सगळं सांगितलं. पट्टी, सिरिंज, श्वासाचा आलेख, केसपेपर. उभी राहूनच सांगितलं, बसायचं सुचलंच नाही.

"तुम्ही सात म्हणालात," ते म्हणाले.

"हो."

"का?"

थकले होते म्हणावं तर ते थकलेले नव्हते का? शेवटी जे होतं ते सांगितलं. "बावीस वर्षांत मी कधी ठाऊक नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही म्हणवलं नाही."

"म्हणाला असतात तर मी चिमटा काढला असता," सर म्हणाले. "पाच मिनिटं थांबलो असतो. एवढंच तर होतं." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चित्रं गोळा केली, एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या. मग म्हणाले की कागदावर खरी वेळ लिहा आणि वरच्या समितीला मी कळवतो. "तिच्या नवऱ्याला मी सांगेन."

"नको. मी सांगते. तिलाच सांगते, शुद्धीवर आली की."

आली तर, असं आम्ही दोघंही बोललो नाही. मी खाली जाऊन पंधरावर एक आडवी रेघ मारली, शेजारी सत्तावीस लिहिलं आणि सही केली.

नवव्या दिवशी तिची झोप उतरायला लागली. बाराव्या दिवशी तिने पेज मागितली आणि सिस्टरला ती नीट शिजली नाही म्हणून सुनावलं. लिव्हर सावरत होतं. आयसीयूतल्या सगळ्यांना आनंद झाला आणि मलाही झाला. एका बाजूने वाटलं, आता सांगायचं कशाला? बरी होतेय ना बाई. घरी जाऊ दे. हा विचार मी पूर्ण एक दिवस करून बघितला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात तिच्या कॉटपाशी गेले. नवरा खिडकीशी केळं सोलत होता. ती खूप वाळली होती, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे जात होत्या.

"या की अक्का," ती म्हणाली. "बसा. लोक सांगालेत, मी लांब जाऊन आले म्हनं. तुमचं घड्याळ हुतं म्हणून परत आले."

तिने हे आपणहून म्हटलं. नसतं म्हटलं तर मी कदाचित पुन्हा उद्यावर ढकललं असतं.

"घड्याळ चुकलं होतं," मी म्हणाले. "एकदा बंद ठेवायला हवं होतं त्याहून जास्त बंद राहिलं. मला वेळ माहीत नव्हती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी अंदाजाने सांगितलं. तुम्हाला जो त्रास झाला तो त्यामुळे झाला असेल. तसाही झाला असता, ते कुणाला सांगता येणार नाही. पण चूक डॉक्टरांची नाही. माझी आहे."

नवऱ्याचा केळं सोलणारा हात थांबला. ती वर पंख्याकडे बघत होती.

"किती जास्त?"

"बारा मिनिटं."

तिचे ओठ हलले. मला आधी कळलं नाही, मग कळलं की ती मोजतेय.

"चोवीस चपात्या," ती म्हणाली. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. खरोखर विचारायचं होतं तिला. "चोवीस चपात्या जळूस्तवर तुमाला वास कसा आला न्हाई वो?"

मी म्हणाले, मला माफ करा. ते शब्द एवढे छोटे आणि कोरडे निघाले की माझी मलाच लाज वाटली. तिने डोळे मिटले आणि "जावा आता" म्हणाली. नवरा माझ्यासोबत दारापर्यंत आला नाही. एरवी मला नुसतं बघून उभा राहायचा.

त्यानंतर काय व्हायचं ते झालं. समितीपुढे बसले, विचारतील त्याचं उत्तर दिलं, महिनाभर मोठ्या केसेसपासून लांब राहिले. वेळ एकाच तोंडातून हा नियम सरांनीच काढून टाकला. आता भिंतीवर एक मोठं आकड्यांचं घड्याळ आहे, चिमटा लागला की सिस्टर ते चालू करते आणि पंधरा मिनिटं झाली की ते कर्कश वाजतं. मला तो आवाज मुळीच आवडत नाही. परवा एका केसमध्ये ते घड्याळ बंद पडलं, सरांनी किती झाली विचारलं, आणि सगळं थिएटर माझ्याकडे बघत असताना मी म्हणाले, "गोत्तिल्ल." सरांनी चिमटा काढला. आम्ही सगळे पाच मिनिटं हात बांधून उभे राहिलो. त्यांनी रेष सोडली नाही. पेन्सिलीला अजून टोक काढतात.

ती तीन महिन्यांनी तपासणीला आली. सरांच्या केबिनबाहेर मी तिला बघितलं. अंग भरलं होतं, केसांत अबोलीचा गजरा, नवऱ्याच्या हातात तेच मोठं पाकीट. आतला रिपोर्ट मी आधीच बघितला होता. उरलेलं लिव्हर वाढून रिकामी जागा भरायला लागलं होतं, आठव्या भागाची पोकळी जवळजवळ दिसत नव्हती. खानावळ पुन्हा सुरू झाल्याचंही सिस्टरकडून कळलं होतं. मला इतका आनंद झाला होता की मी मुद्दाम त्या बाजूने गेले. बावीस वर्षांत पेशंटला भेटायला मी पहिल्यांदाच अशी गेले असेन.

"कशा आहात?" मी विचारलं. मराठीतच विचारलं.

तिने मला ओळखलं. लगेच ओळखलं. बाकावर थोडी सावरून बसली, पदर नीट केला, आणि सरांशी, सिस्टरशी, रिक्षावाल्याशी बोलावं तसं, अगदी नीट आणि आदराने कन्नडमध्ये म्हणाली,

"आराम अदीनी, मॅडम."